पांढरी पोवळी

प्रवासवर्णन विमानतळापासून नाहीतर स्टेशनपासून सुरू करण्याची पद्धत आहे. आमचा अंदमानचा प्रवास सदाशिव पेठेतल्या एका डोळ्यांच्या दवाखान्याच्या जिन्यावर सुरू झाला. खरे सांगायचे तर प्रवासाचा निर्णायक भाग पुण्यातच घडला, अंदमानात फक्त त्याचा निकाल लागला. म्हणून जिन्यापासूनच लिहिते.

माझे यजमान श्रीधर. घरात मी त्यांना 'अहो' म्हणते. पण दर वाक्यात 'अहो' लिहिणे बरे दिसत नाही, तेव्हा इथे नुसते श्रीधर. पस्तीस वर्षे ते एका छापखान्यात रंगांचे काम पाहत. ग्राहकाने आणलेल्या नमुन्याशी शाई जुळवायची, कुठे निळा वाढवायचा, कुठे लाल उतरवायचा, असे ते काम. त्याच छापखान्यात मी मुद्रितशोधक होते, म्हणजे मजकूर छापायला जाण्याआधी त्यातल्या चुका काढणारी. लग्नही तिथेच जमले. घरातही तीच वाटणी राहिली. पडद्यांपासून साड्यांपर्यंत रंगाचा निर्णय त्यांचा आणि कागदावर जे जे असेल त्याचा निर्णय माझा.

श्रीधरना काचबिंदू आहे. या दुखण्यात नजर कडांकडून आकसत येते आणि शेवटी मधला थोडा भाग उरतो. त्या दिवशी, जानेवारीत, डॉक्टरांनी तपासून झाल्यावर आधी खुर्ची मागे घेतली.

"काका, मधलं अजून शाबूत आहे. किती दिवस राहील, ते मी सांगू शकत नाही. आधी फिकट रंगांत गोंधळ व्हायला लागेल, मग बाकीचं. काही पाहायचं राहिलं असेल तर पाहून घ्या."

जिना उतरताना श्रीधर मधेच थांबले. "पोवळी पाहायची राहिलीत," ते म्हणाले.

मला वाटले, मंगळासाठी अंगठीत घालतात ते पोवळे म्हणताहेत की काय. पण त्यांना समुद्रातली पोवळी, म्हणजे प्रवाळ पाहायचे होते. पुष्कळ वर्षांपूर्वी एका गिऱ्हाइकाला समुद्राच्या चित्रांची दिनदर्शिका हवी होती. त्याने आणलेला प्रवाळाचा फोटो पार उडालेला होता. श्रीधरनी अंदाजाने त्यात मॅजेंटा (जांभळट लाल) टाकला. गिऱ्हाईक खूश झाले, दिनदर्शिका घरोघरी लागल्या, पण यांच्या मनातून ते गेले नाही. "मी न पाहिलेल्या वस्तूला रंग दिला गं. बरोबर होता की चूक, तेवढं एकदा बघायचंय." पस्तीस वर्षांच्या नोकरीतली एवढी एकच गोष्ट त्यांना तपासायची होती, आणि तपासायला नजर थोडीच उरली होती.

मग आम्ही सहली नेणारे शोधायला लागलो. डॉक्टरांनी खोल बुडी मारायला मनाई केली होती. वरच्यावर तोंड बुडवून पाहायला त्यांची हरकत नव्हती.

एका ओळखीच्यांनी धायरीतल्या एका माणसाचे नाव सांगितले, गणेश. रिक्षाने धायरी फाट्याच्या आत गेलो. राहत्या घराच्या खालच्या गाळ्यात त्याचे ऑफिस होते. चाळिशीचा, उन्हाने रापलेला माणूस. पाच हंगाम अंदमानात पर्यटकांना पाण्यात उतरवायचे काम करून गावी परतला होता. त्याने माझ्याकडे पाहिलेच नाही, सरळ श्रीधरना विचारले, "काका, पोहता येतं का?"

"नाही."

"काय अडचण न्हाय. कमरेइतक्या पाण्यात तोंड बुडवून बघायचं. मी सोबत हाय ना. पण फेब्रुवारीतच चला. एप्रिल-मे मधी पाणी तापतं, मग पवळं रंग टाकून देतंय, सगळं पांढरं पडतंय. लोकं मे मधी जात्यात आन् हाडं बघून येत्यात."

श्रीधर खुर्चीत पुढे सरकून ऐकत होते. मी त्याचे पत्रक वाचत होते. त्यावर लिहिले होते: 'जीवंत पोवळी पहा! हात धरुन नेऊ, हात धरुन आणू.' दीड ओळीत चार चुका. 'जिवंत'चा जि पहिला, 'पाहा'ला काना, 'धरून'चा रू दुसरा, आणि तो दोनदा चुकलेला. माझा हात आपोआप पर्समधल्या लाल पेनकडे गेला. त्याच्यासमोरच चारी चुकांवर खुणा केल्या आणि पत्रक त्याच्या हातात दिले.

"हे कोणी लिहिलं?"

"मीच की." त्याने पत्रक उलटसुलट पाहिले आणि हसला. "काकू, माशांना कुठं वाचता येतंय?"

श्रीधरही हसले. त्या हसण्याने माझे डोके फिरले. परतताना रिक्षात मी म्हणाले, "ज्याला 'जिवंत' लिहिता येत नाही, त्याच्या भरवशावर मी तुम्हाला समुद्रात सोडायचं?"

"तो पाण्यात उतरलेला माणूस आहे गं."

"पाण्यात म्हैसही उतरते."

श्रीधर रस्त्याकडे पाहू लागले. वाद घालायचा नसला की ते असेच करतात. मी मनात तो विषय निकालात काढला.

दुसरी कंपनी आमच्या पेठेतच, घरापासून पाच मिनिटांवर. जाड कागदावरची चोवीस पानी पुस्तिका. मी ती घरी आणली, टेबलावर ठेवली आणि पट्टी धरून ओळीन्‌ओळ वाचली. एक म्हणजे एकही चूक नव्हती. अनुस्वार जिथल्या तिथे, जोडशब्द सांभाळलेले. निवृत्तीनंतर असा मजकूर माझ्या हातात आला नव्हता. मला खरोखर आनंद झाला. अशी काळजी घेणारी माणसे सहलीतही तशीच काळजी घेणार, असे मी श्रीधरना म्हणाले आणि त्याच संध्याकाळी आम्ही त्यांच्या कार्यालयात गेलो.

व्यवस्थापक स्वतः उठून उभे राहिले. फेब्रुवारीची सहल भरली होती, मेच्या पहिल्या आठवड्यात दोन जागा होत्या.

"प्रवाळ दिसतील ना?" मी विचारले.

"प्रवाळक्षेत्र-दर्शन कार्यक्रमात आहेच. पान अकरा. आपण निश्चिंत असावं."

"मे महिन्यात पाणी तापतं म्हणतात."

"कोण म्हणतं?"

"धायरीचे एक जण."

"धायरीला समुद्र कधी आला?"

मला ते उत्तर फार आवडले. आपल्यातला माणूस भेटला असे वाटले. मी मेच्या दोन जागा पक्क्या केल्या. श्रीधर शेजारी बसून काचेखालचा नकाशा डोळ्यांपाशी आणू पाहत होते, पण काच टेबलाला चिकटवलेली होती, म्हणून स्वतःच वाकले होते.

मधल्या तीन महिन्यांत त्यांची नजर आणखी आत आली. दाराच्या चौकटीला खांदा लागू लागला. चहा कपाबाहेर पडू लागला. प्रत्येक वेळी मला फेब्रुवारी आठवे आणि प्रत्येक वेळी मी पान अकरा काढून वाचत असे.

मेमध्ये चेन्नईमार्गे पोर्ट ब्लेअरला उतरलो. शहराचे नाव आता बदलले आहे, पण तिथल्या रिक्षावाल्यांच्या तोंडीही जुनेच आहे. आमचा बावीस जणांचा गट, सगळ्यांच्या डोक्यावर कंपनीच्या पिवळ्या टोप्या. हवा अशी की सकाळी आठलाच पदर पिळावा. कंपनीने आचारी पुण्याहून आणला होता. समुद्र दोनशे पावलांवर आणि आमच्या ताटात बटाट्याची भाजी, मटकीची उसळ आणि श्रीखंड. तुरुंग पाहिला, तिथे श्रीधर भिंतीला हात लावत लावत चालले. पहिल्याच दिवशी त्यांच्या चपलेचा अंगठा तुटला, तेव्हा पुढचे दोन दिवस ते हॉटेलातून मिळालेल्या रबरी चपलांवर वावरले. कुरकुर मात्र केली नाही. दर सकाळी विचारायचे, "आज का?" मी म्हणायचे, "परवा." मग "उद्या."

तो दिवस आला. मोठ्या बोटीतून दोन तास जाऊन आम्ही एका छोट्या बेटावर उतरलो. पाण्याचा रंग पाहून सगळे ओरडले. काठाशी हिरवा, मग मोरपंखी, मग एकदम गडद निळा. श्रीधरना एका बाकावर बसवून मी धक्क्याच्या टोकाला चौकशीला गेले. चौकशी केल्याशिवाय मला कुठेच चैन पडत नाही. तिथे काचेच्या तळाची डुंगी (इंजिनाची लहान लाकडी होडी) बांधलेली होती. नावाडी पन्नाशीचा होता, जाळ्याची गाठ सोडवत बसला होता.

"भैया, कोरल अच्छा दिखेगा ना?"

त्याने मान वर केली. "मैडम, झूठ नहीं बोलूँगा। पानी गरम हो गया है। इधर का सब सफेद हो गया। जनवरी-फरवरी में आना था।"

पहिल्यांदा आठवला तो धायरीचा गाळा. त्या माणसाने मला सगळे सांगितले होते, पार महिन्यासकट. आणि मी ऱ्हस्व-दीर्घ तपासत होते.

मी तरातरा सहलप्रमुखाकडे गेले. तो डबे मोजत होता. "प्रवाळ पांढरे पडलेत. तुम्हाला माहीत होतं?"

"मे महिन्यात थोडं असतं तसं, ताई."

"मग पुस्तिकेत प्रवाळ दाखवू असं कशाला लिहिलंत?"

त्याने पिशवीतून पुस्तिका काढली आणि पान अकरा उघडले. "प्रवाळक्षेत्र-दर्शन. क्षेत्र दाखवतो आपण. आपण वाचलं असेलच."

वाचले होते. पट्टी धरून वाचले होते. जोडशब्द बरोबर जोडलाय की नाही ते पाहिले होते, तो काय सांगतोय ते पाहिले नव्हते. मी बाकाकडे परतले.

श्रीधरच्या डोळ्यांमुळे आम्हाला पहिली फेरी आणि ती दोघांनाच दिली होती. मी नावाड्याला हळूच सांगितले, "भैया, उनको कुछ मत बोलना।" त्याने माझ्याकडे नीट पाहिले आणि दोर सोडला.

होडीच्या मधोमध चौकट होती आणि तिच्या तळाशी काच. श्रीधर गुडघ्यांवर बसून तिच्यावर ओणवे झाले. उरलेल्या नजरेतून बघायचे म्हणजे त्यांना मान सावकाश फिरवत काचेचा एकेक भाग पाहावा लागतो. खाली वाळू सरकली, मग पोवळी आली. फांद्यांची, गोल डोक्यांची, पसरट ताटांसारखी, दूरवर पसरलेली, आणि सगळी पांढरी. काहींवर राखाडी बुरा चढला होता. मधून एखादा मासा यायचा आणि न थांबता जायचा.

श्रीधर काहीच बोलेनात. मला ते सहन झाले नाही.

"केवढा जांभळा आहे बघा!" मी म्हणाले.

त्यांनी मान वर केली. "कुठे?"

"तो काय, डावीकडे. फांद्यांसारखा."

ते पुन्हा वाकले. "मॅजेंटा आहे?"

"अगदी मॅजेंटा. तुमच्या दिनदर्शिकेसारखाच."

त्यांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला, पुन्हा लावला. मग खिशातून रुमाल काढून ती काच पुसली. "पिवळा?"

"आहे ना. कडेकडेने."

"फिकट की गडद?"

"फिकट," मी म्हणाले. एकदा सुरुवात केल्यावर मला थांबता येईना. निम्मे त्यांच्यासाठी बोलत होते, हे खरे आहे. उरलेले निम्मे माझी चूक झाकण्यासाठी होते, हेही तितकेच खरे आहे. नावाडी इंजिनाकडे तोंड करून बसला होता.

थोड्या वेळाने श्रीधर उठून फळीवर बसले. माझ्या अंगातल्या केशरी जीवरक्षक जाकिटाकडे बराच वेळ पाहत राहिले. "हे केशरी दिसतंय," ते म्हणाले. "पण केशरी आहे हे मला माहीत आहे, म्हणूनही दिसत असेल." आणि काठाकडे तोंड करून बसले. त्यांच्या डोक्यात काय चालले आहे ते मला तेव्हाही कळले नाही. मला वाटले, मन भरून आले असेल.

आम्ही उतरलो आणि वारा सुटला. लाटा वाढल्या म्हणून पुढच्या फेऱ्या बंद केल्या. उरलेले वीस जण सहलप्रमुखावर भडकले. जेवताना सगळे आमच्याभोवती. "तुम्ही दोघंच नशीबवान हो. सांगा तरी, काका, कसं होतं?"

श्रीधर भात कालवत होते. "हिला विचारा," ते म्हणाले.

आणि मी सांगितले. जांभळे, पिवळे, हिरवे, सगळे सांगितले. वीस माणसांनी हळहळत ऐकले. श्रीधर खाली मान घालून जेवत होते.

पुण्याला परतलो. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी कपाटातले शाईच्या छटांचे जुने पुस्तक काढले आणि रद्दीच्या गठ्ठ्यावर ठेवले. मी विचारले तर म्हणाले, "आता काय करायचंय?" कपाटापुढे उभे राहून मला हाक मारायचे, "हा शर्ट कोणता?" छापखान्यातले जुने मित्र आले, तर झोपलोय म्हणून सांग म्हणाले. एकदा मी स्वयंपाकघरातून बाहेर आले तर श्रीधर डोळे घट्ट मिटून भिंतीच्या आधाराने खोलीतून चालत होते.

"अहो, हे काय?"

"सवय करतोय. फिकट रंग गेले, डॉक्टर म्हणालेच होते. तुला तिथे एवढं सगळं दिसत होतं, मला सगळं पांढरं. म्हणजे आता फार दिवस नाहीत."

माझ्या हातातले उलथने तसेच राहिले. तेव्हा मला कळले, मी होडीत काय केले होते ते. तेव्हाच सांगायला हवे होते. तोंडापर्यंत आले आणि मी गिळले. गॅसवर भाजी लागेल म्हणून आत गेले.

असे बारा दिवस गेले. तेराव्या दिवशी आम्ही मंडईत गेलो होतो. परतताना फुलबाजारातून यावे लागते. एका फुलवाल्या बाईंपुढे अॅस्टरच्या जुड्या मांडल्या होत्या. या फुलांत दहा छटा असतात, पाहिल्याशिवाय सांगता येत नाहीत. श्रीधर थांबले. अगदी जवळ वाकले.

"बाई, ही जुडी फिकट जांभळी आहे का?"

"मग काय काळी हाय, बाबा?"

"आणि ही? फिकट गुलाबी?"

"व्हय."

"ही पिवळसर पांढरी. आणि ही निळ्याकडे झुकणारी."

"सगळं बरोबर सांगतायसा. घ्यायच्यात का नुसत्याच बघायच्यात?"

श्रीधर सरळ झाले. माझ्याकडे वळले आणि मान हलवत माझा चेहरा शोधू लागले. तो सापडल्यावर म्हणाले, "तिथे काय होतं?"

"पांढरं," मी म्हणाले. "सगळं पांढरं होतं. काहीच उरलं नव्हतं."

माणसे धक्के मारून पुढे जात होती. फुलवाली बाई आमच्याकडे टकमक बघत होती.

"म्हणजे मी बरोबर पाहिलं होतं," ते म्हणाले. मग आवाज न चढवता, "बारा दिवस तू मला आंधळं करून ठेवलंस."

मी माफी मागितली. त्यांनी मानही हलवली. आम्ही घरी आलो, जेवलो, दुपारी त्यांनी नेहमीसारखा चहा मागितला. चिडले असते, बोलले असते तर मला सोपे गेले असते.

प्रवासाने काय दिले, ते शेवटी सांगायचे असते. मला या प्रवासाने एवढेच दिले की माझ्या शब्दाची किंमत मला कळली. नजर पुरती जाईल तेव्हा दारात कोण आले, ताटात काय वाढले, आभाळ कसे आहे, हे मी सांगायचे आणि यांनी ऐकायचे, असे आमचे न बोलता ठरलेले होते. डॉक्टरांच्या जिन्यावरही त्या एका गोष्टीची मला भीती वाटली नव्हती.

परवा स्वारगेटला रस्ता ओलांडायला उभे होतो. मी त्यांचा हात धरला होता. चालणाऱ्यांचा दिवा हिरवा झाला.

"चला, हिरवा झाला," मी म्हणाले.

त्यांनी पाऊल उचलले नाही. शेजारी एक अनोळखी गृहस्थ उभे होते, त्यांच्याकडे वळून त्यांनी विचारले, "अहो, दिवा कोणता आहे?"

गृहस्थांनी आधी त्यांच्याकडे पाहिले, मग माझ्याकडे. "हिरवा आहे की. त्या सांगतायत ना?"

"हो," श्रीधर म्हणाले, "तरी विचारलं." तोवर दिवा पुन्हा लाल झाला होता.